छत्रीला कुलूप कशाला?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात जा, गोदाकाठी किंवा वर भोकरदन-जाफराबादकडे, पत्र्यांवर आणि माळवदांवर बसवलेल्या टीव्हीच्या छत्र्या थोड्याफार फरकाने एकाच अंगाला तोंड करून उभ्या दिसतात: आग्नेयेकडे. त्यांतल्या काही खाजगी कंपन्यांच्या असतात. त्यांचा रिचार्ज संपला की घरातला पडदा काळा होतो. काहींवर कोणत्याच कंपनीचे नाव नसते. त्या प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशच्या. बाजारात दीड-दोन हजारांत छत्री, एलएनबी, वायर आणि बॉक्स असा सगळा संच मिळतो आणि एकदा बसवला की महिन्याला काही द्यावे लागत नाही. देशात अशी घरे साडेचार कोटींच्या आसपास असावीत, असा अंदाज केला जातो. अंदाजच, कारण हे प्रक्षेपण उघडे आहे. ते कोण घेतो याची नोंद कुठेही होत नाही. खाजगी डीटीएच आणि केबल कंपन्यांना गेली काही वर्षे नेमके हेच खुपते आहे. त्यांचे म्हणणे असे, की फ्री डिशचे प्रक्षेपण एन्क्रिप्ट करा, म्हणजे त्याला कुलूप लावा, प्रत्येक बॉक्सची नोंदणी करा आणि जमल्यास ही सोय गरिबांपुरतीच ठेवा. २०२४ च्या जुलैमध्ये दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायनेही फ्री डिश टप्प्याटप्प्याने नोंदणीकृत, नियंत्रणाखालच्या व्यवस्थेत नेण्याची सूचना सरकारला केली. मागणी वरवर शहाणपणाची दिसते. ती चुकीची आहे, आणि तिच्यातली चूक जालन्यासारख्या जिल्ह्यातून जितकी स्वच्छ दिसते तितकी दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांतून दिसत नाही.

आधी ही छत्री करते काय ते पाहू, कारण वादातला अर्धा गोंधळ यंत्र न समजून घेतल्याचा आहे. फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. त्याची फेरी पृथ्वीच्या फिरण्याशी जुळलेली, म्हणून जमिनीवरून पाहता तो जागचा हलत नाही. जालना शहर साधारण १९.८ अंश अक्षांशावर आणि ७५.९ अंश रेखांशावर. एवढ्या आकड्यांवरून हिशेब मांडला तर छत्रीचा रोख उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३७ अंशांवर आणि क्षितिजापासून ५९ अंश वर असावा लागतो. छत्री मात्र इतकी वर पाहताना दिसत नाही. तिची बशी ऑफसेट जातीची असते. ती जिकडे पाहते असे वाटते त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून येणारी लहर झेलून समोरच्या एलएनबीकडे परतवते. नवख्याची फसगत इथे होते. तो बशी आभाळाकडे उताणी करतो आणि दिवसभर सिग्नल शोधत बसतो. दुसरी फसगत बॉक्स दाखवतो त्या दोन पट्ट्यांची. स्ट्रेंथची पट्टी एलएनबीला वीज पोचली की जवळपास आपोआप भरते. खरी पट्टी क्वालिटीची, आणि ती नट जरासा सैल करून बशी किंचित सरकवली तरी कोसळते. साठ सेंटिमीटरच्या बशीला दोन-तीन अंशांचीही चूक खपत नाही. हे इतके सांगण्याचे कारण असे, की या खटाटोपात कोणाचा अर्ज, कोणाची मंजुरी, कोणाचा सर्व्हर कुठेही मध्ये येत नाही. ज्याला अंश जुळवता आले त्याला चित्र मिळाले. शिवाय मंठ्याकडच्या एखाद्या वस्तीवर दहा घरांनी छत्री लावली काय नि शंभर घरांनी लावली काय, वर उपग्रहावर एका पैचाही खर्च वाढत नाही. नळयोजना, वीज, रस्ता, मोबाइलचा मनोरा, सगळ्यांवर माणूस वाढला की भार वाढतो. इथे वाढत नाही. प्रक्षेपणाला कुलूप लावायचे म्हणजे जो भार मुळात नाहीच त्याची हजेरी घेण्यासाठी पहारेकरी नेमायचा.

विरोधकांचा सगळा डोलारा ‘फुकट’ या एका शब्दावर उभा आहे. फुकट दिल्यामुळे बाजार बिघडतो, लोकांना पैसे मोजायची सवय राहत नाही, असे म्हटले जाते. पण फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्या तिथे धर्मादाय म्हणून आलेल्या नाहीत. प्रसार भारती त्या जागांचा लिलाव करते, वाहिन्या एकेका जागेसाठी कोट्यवधी रुपये बोलतात आणि त्यातून प्रसार भारतीला वर्षाला शेकडो कोटी मिळतात. वाहिन्या ते पैसे जाहिरातींतून काढतात आणि जाहिरातदार साबणाच्या वडीतून, चहापत्तीच्या पुडीतून, बियाण्याच्या पिशवीतून काढतात. बियाण्यांच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्याला हे निराळे समजावून सांगायला नको. परतूरच्या किराणा दुकानात जी बाई दहा रुपयांची वडी घेते तिने त्या वाहिनीचे पैसे मोजलेले आहेत, फक्त पावती मिळालेली नाही. याचा पुरावा खुद्द कंपन्यांनीच दिला. १ मार्च २०१९ पासून चार बड्या प्रसारण समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. हेतू उघड होता: या घरांनी पैसे भरून मालिका पाहाव्यात. झाले उलटेच. मागे राहिलेल्या प्रेक्षकांच्या बळावर दंगलसारखी वाहिनी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कच्या यादीत हिंदी मनोरंजनाच्या वरच्या जागी जाऊन बसली आणि पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, गेलेल्या वाहिन्या परतल्या. नंतरही त्यांचे जाणे-येणे चालूच राहिले. ज्या घरांना फुकटे म्हणून हिणवले जाते त्यांच्या दारात ही मंडळी पुन्हा येतात, याचा अर्थ त्या दारात काही मिळत असले पाहिजे.

याच लोकांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे आणि तो अर्धा खरा आहे. खाजगी डीटीएच कंपन्यांना परवाना शुल्क भरावे लागते, समायोजित उत्पन्नाच्या आठ टक्के. फ्री डिशला ते नाही. एकाच शर्यतीत एकाच्या पायाला दगड बांधायचा आणि दुसऱ्याला मोकळे सोडायचे हे बरोबर नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण मग दगड सोडा. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रायने हे शुल्क तीन टक्क्यांवर आणून २०२६-२७ नंतर रद्दच करावे अशी शिफारस केली होती. कंपन्यांनी तिच्यासाठी जोर लावला तर त्यांच्या बाजूने उभे राहता येईल. खाजगी कंपनीच्या शुल्काचा त्रास म्हणून बदनापूरच्या शेतमजुराच्या बॉक्सला कुलूप घालणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला. खाजगी डीटीएचची घरे घटत आहेत हेही खरे: २०२० च्या अखेरीस ती सात कोटींच्या घरात होती, मार्च २०२५ मध्ये पावणेसहा कोटींच्याही खाली आली. या गळतीचे खापर एकट्या फ्री डिशवर फोडताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमावर फुकट दाखवली गेली, त्याच वर्षीचा क्रिकेट विश्वचषक हॉटस्टारने मोबाइलवर फुकट दाखवला. फुकटाने बाजार बुडतो हा सिद्धान्त तेव्हा कोणत्या कपाटात ठेवला होता? हातातल्या पडद्यावर दिलेले फुकट ही व्यापारनीती आणि पत्र्यावरच्या छत्रीतून आलेले फुकट ही विकृती, असा भेद करायचा असेल तर त्याला कारण तरी द्यावे लागेल.

बरे, सरसकट नको, गरजूंना द्या, हा मधला मार्ग काढला जातो आणि तो ऐकायला दयाळू वाटतो. गरजू ठरवायचा कसा? शिधापत्रिका, आधार, मोबाइल क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी. मग ज्याच्या नावावर घर नाही, ज्याचा क्रमांक गेल्या वर्षी बंद पडला, ज्या घरातला कर्ता माणूस बाहेरगावी आहे, ते घर बाहेर. जालन्यात ही उदाहरणे कल्पनेतली नाहीत. बीडइतके नसले तरी अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाच-सहा महिने घराला टाळे. महिन्याला रिचार्ज मागणारी कोणतीही व्यवस्था या घराला परवडत नाही. वापर असो-नसो पैसे, आणि खंड पडला तर पुन्हा चालू करण्याची कटकट. उघड्या प्रक्षेपणाला याचे काही सोयरसुतक नसते. छत्री आणि बॉक्स टोळीबरोबर नेऊन कोपीशेजारी एखाद्या बांबूला बांधले तरी चालते. फक्त कोल्हापूरच्या बाजूला गेले की तोंड सात-आठ अंश आणखी पूर्वेकडे वळवावे लागते. जे घर हलत नाही त्याचाही पैसा महिन्याच्या तारखेला येत नाही. कापूस, सोयाबीन, मोसंबी विकली की येतो, नाहीतर उसनवारी. २०१९ च्या दरपद्धतीत कोणतीही सशुल्क वाहिनी घेण्याआधी पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी नुसते जोडणीचे शुल्क महिन्याला १३० रुपयांपर्यंत होते. अठरा टक्के जीएसटी धरला तर १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले सुमारे १,८४० रुपये, म्हणजे फ्री डिशच्या अख्ख्या संचाएवढे, आणि तरी एकही सशुल्क मराठी वाहिनी त्यात आली नाही. ती १३० ची मर्यादाही २०२४ मध्ये उठली.

गरजूंची यादी सरकार कशी करते याचा नमुनाही डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने बाइंड नावाची २,५३९ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स मोफत वाटण्याची तरतूद होती. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमावर्ती आणि आकांक्षित जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद. जालना त्यात नाही. सीमा नाही, नक्षलवाद नाही, आदिवासी पट्टा नाही, म्हणून यादीच्या कोणत्याच रकान्यात हा जिल्हा बसत नाही. त्याचा कोरडेपणा आणि त्याचे स्थलांतर यांना रकानाच नाही. प्रक्षेपण उघडे असल्यामुळे इथल्या माणसाला यादीची वाट पाहावी लागली नाही, त्याने शनिवारच्या बाजारातून बॉक्स आणला. उद्या कुलूप पडले तर तोही रकाना शोधत फिरेल. शिवाय आज घराघरांत असलेल्या बॉक्सांचे काय होणार याचे उत्तर कोणी देत नाही. कुलूप उघडायला बॉक्समध्ये तशी चिप लागते, आणि बाजारातून घेतलेल्या साध्या एमपेग-२ बॉक्समध्ये ती नसते. प्रसार भारतीने आयकॅस नावाच्या देशी प्रणालीचे नोंदणीचे बॉक्स पूर्वीच काढले होते. लोकांनी साधेच घेतले. ते सगळे एका आदेशाने भंगारात जातील. आणि ज्या धंद्याला इतकी शिस्त हवी आहे त्याची स्वतःची शिस्त काय? डीटीएचचा बॉक्स एका कंपनीकडून दुसरीकडे चालला पाहिजे, हे तत्त्व परवान्यांच्या सुरुवातीपासून कागदावर आहे. एप्रिल २०२० मध्ये ट्रायला ते पुन्हा सांगावे लागले. आजही एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या छत्रीखाली मुका असतो.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: मोबाइल आल्यावर छत्री हवी कशाला? यातही तथ्य आहे. तरुण पोरे टीव्हीपुढे बसत नाहीत आणि लाईट गेली की फोन चालू असतो, टीव्ही बंद. पण फोनवर पाहणे हे एकेकट्याचे पाहणे आहे आणि प्रत्येक मिनिटाला मोजले जाणारे; एका घरात पाच माणसे पाच फोनवर पाहू लागली की डेटा पाचपट. कोरोनाच्या वर्षी हा फरक उघडा पडला. शाळा बंद झाल्या, शहरांत ऑनलाइन वर्ग सुरू झाले, आणि ज्या घरात एकच फोन होता, तोही वडिलांच्या खिशात, तिथली मुले बाहेर राहिली. अशा मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर सुरू झाली. ती टीव्हीवर आणली गेली याचे कारणच हे, की टीव्ही फोनपेक्षा जास्त घरांत, आणि घरातल्या सगळ्या भावंडांना मिळून, पोचत होता. दुसरा प्रसंग याच जिल्ह्यातला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात अंतरवाली सराटीकडे सगळ्या राज्याचे लक्ष लागलेले असताना २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतली मोबाइल इंटरनेट सेवा काही तास बंद करण्यात आली. तो निर्णय बरोबर होता की नव्हता हा वेगळा वाद. इथे मुद्दा इतकाच, की ज्या क्षणी आपल्या तालुक्यात काय चालले आहे हे जाणून घेण्याची सर्वांत जास्त निकड होती त्याच क्षणी फोन आंधळा झाला. उपग्रहावरून सरळ पत्र्यावर उतरणारी लहर अशी जिल्ह्यापुरती बंद करता येत नाही. करायची तर ती सगळ्या देशाची करावी लागते, आणि ते कोणतेही सरकार सहसा करत नाही. नोंदणीकृत, कुलूपबंद बॉक्स मात्र एकेकटा, घर पाहून, पिनकोड पाहून बंद करता येतो.

यावर एक चतुर प्रतिप्रश्न येतो. फ्री डिश सरकारी आहे. मग ती जितक्या घरांत, तितका सरकारी भोंगा घराघरांत, आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्याने तिची वकिली करावी? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. दूरदर्शनच्या बातम्या सत्तेला दुखावत नाहीत ही तक्रार कोणत्याही एका पक्षाच्या काळातली नव्हे, आणि लिलावात कोणत्या वाहिनीला बसू द्यायचे याची चावीही सरकारच्या हाताजवळच राहते. पण या दुखण्यावर कुलपाचा उपाय करायचा म्हणजे ज्याच्या हातात आधीच भोंगा आहे त्याला श्रोत्यांची नावनिशीवार यादीही नेऊन द्यायची. आज प्रसार भारतीला माहीत नाही की जाफराबाद तालुक्यात कोण काय पाहतो. ही अनभिज्ञता प्रेक्षकाचे संरक्षण आहे. कंपन्या याला ‘डेटा नसणे’ म्हणतात आणि त्रुटींच्या यादीत टाकतात.

या वादात फ्री डिशच्या बाजूने बोलणारे एका ठिकाणी मात्र गप्प बसतात, आणि तिथेच जास्त बोलायला हवे: त्या छत्रीतून येते काय? दीडशेहून अधिक वाहिन्या येतात हे खरे. त्यांत जुने डब केलेले सिनेमे, रत्ने आणि यंत्रे विकणारे कार्यक्रम, तेलामलमांच्या तासभराच्या जाहिराती आणि हिंदीत किंचाळणाऱ्या बातम्या यांची गर्दी आहे. मराठी घराच्या वाट्याला सह्याद्री, आणि फक्त मराठी किंवा शेमारू मराठीबाणा यांच्यासारख्या मोजक्या खाजगी वाहिन्या. ज्या मालिकांवर गावातल्या पारावर चर्चा होते त्या झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या पैसे भरल्याशिवाय नाहीत. याचे कारण प्रेक्षकाच्या अभिरुचीत शोधू नये, लिलावात शोधावे. जागा सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मिळते. मोठी बोली तोच लावू शकतो ज्याला दहा राज्यांत मिळून जाहिराती मिळतात. आणि दहा राज्यांत चालणारी भाषा एकच. म्हणजे सार्वजनिक उपग्रह बाराही महिने हिंदीच्या मोठ्या बाजाराला झुकते माप देतो. सह्याद्रीचे तरी काय? शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात एका अख्ख्या भागाला लोक टीव्ही सेंटर म्हणून ओळखतात, कारण तिथे दूरदर्शनचे केंद्र आहे. भागाचे नाव जितके रुळले तितका मराठवाडा पडद्यावर दिसत नाही. मोसंबीवरचा रोग, गोदावरीत सोडलेल्या पाण्याचा हिशेब, जालन्याच्या मोंढ्यातले भाव, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळा, हे विषय मुंबईहून निघणाऱ्या मराठीत कधीतरी पाहुण्यासारखे येतात. हे सगळे बदलायला हवे: प्रत्येक राज्यभाषेसाठी लिलावाबाहेरच्या राखीव जागा, रत्नविक्रीला बंदी, सह्याद्रीवर विभागवार वेळ. यातल्या एकाही सुधारणेला प्रेक्षकाच्या बॉक्सला कुलूप घालावे लागत नाही. उलट कुलूप पडले की मिळकतीसाठी वर्गणीदार शोधणे सुरू होईल, आणि वर्गणीच्या बाजारात जालन्याचा प्रेक्षक आजच्यापेक्षाही मागे ढकलला जाईल. पावसात चित्र जाते हीही तक्रार आहे. केयू बँडची लहर अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. मोठ्या सरींत ती शोषली जाते आणि विखुरते. पण ती खाजगी छत्रीचीही तितकीच जाते, आणि पुष्कळदा दोष आभाळाचा नसून हलत्या पत्र्याचा किंवा गंजलेल्या कनेक्टरचा असतो.

कुलपाची ही हौस नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि टीव्ही बाळगायला परवाना लागायचा आणि पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरावे लागायचे. तो मोडीत काढताना कोणाचे काही बिघडले नाही. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रह दूरदर्शनचा साइट नावाचा प्रयोग झाला, तेव्हा महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पलीकडच्या कर्नाटकातल्या गुलबर्ग्याच्या गावांत जाळीच्या मोठ्या छत्र्या बसल्या, मराठवाड्यात बसल्या नाहीत. पुढे तंत्र स्वस्त झाले, छत्री माणसाच्या कवेत मावेल एवढी झाली, तर जुलै १९९७ मध्ये सरकारने केयू बँडवरच्या थेट प्रक्षेपणावर बंदीच घातली. परदेशी कंपनी देशात शिरते आहे, संस्कृती आणि सुरक्षा धोक्यात आहे, असे सांगण्यात आले. नोव्हेंबर २००० मध्ये बंदी उठवली आणि डिसेंबर २००४ मध्ये खुद्द सरकारनेच डीडी डायरेक्ट प्लस या नावाने तीच गोष्ट ३३ वाहिन्यांनिशी सुरू केली. दरम्यान फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सांगून टाकले होते. २००७ चा क्रीडा प्रक्षेपणाचा कायदा त्याच विचारातून आला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला द्यावेच लागते, आणि २०१७ च्या निकालानंतर ते तिच्या स्वतःच्या जमिनीवरच्या आणि डीटीएच जाळ्यापुरते राहिले. म्हणून भारताचा सामना आज फ्री डिशच्या घरात डीडी स्पोर्ट्सवर मोकळा दिसतो. जमिनीवरचे जाळे तर प्रसार भारतीने मोजके मनोरे सोडून मार्च २०२२ पर्यंत गुंडाळलेच. जुनी काडीची अँटेना निरुपयोगी झाली, तेव्हा सार्वजनिक प्रक्षेपण आपल्या हाताने घरी घेण्याचा एकमेव मार्ग म्हणून ही बशी उरली. मनोरे बंद करताना छत्री आहेच की असे सांगायचे आणि छत्रीला कुलूप लावताना मोबाइल आहेच की असे सांगायचे, हा सरकत्या दाराचा खेळ आहे.

कुलपाचा निर्णय एखाद्या जाहीर वादानंतर होईल असे मानायचे कारण नाही. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये कौरू येथून एरियान-५ ने उडाला आणि त्याचे आयुष्य बारा वर्षांचे धरलेले आहे, म्हणजे २०२७ च्या सुमारास ही वाहतूक दुसऱ्या उपग्रहावर नेण्याचा प्रश्न येणार. मागे एनएसएस-६ वरून इन्सॅट-४ बी वर जाताना जागा ९५ अंशांवरून ९३.५ वर आली, तेव्हा जालन्यातल्या प्रत्येक छत्रीचे तोंड अडीच अंश दक्षिणेकडे फिरवावे लागले होते. पुढे जीसॅट-१५ त्याच जागी आला म्हणून कोणाला पत्र्यावर चढावे लागले नाही. नवा उपग्रह त्याच जागी राहणार का, जुने बॉक्स चालू राहतील असे प्रक्षेपण त्यावर किती वर्षे ठेवणार, आणि नवे बॉक्स सक्तीचे केले तर ते कोणाच्या पैशाने, हे तीन प्रश्न आत्ताच, लेखी, संसदेत विचारता येतात. भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर आत बसवलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२ हे मानक २०२२ मध्ये काढून ठेवले आहे. छत्रीची वायर थेट टीव्हीत खोचायची, बॉक्सच नको. ते सक्तीचे केले तर कुलूप लावणार का हा चौथा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही, कारण प्रक्षेपण उघडे असेल तोवरच त्या टीव्हीचा उपयोग आहे.